मीटर वाढू देऊ नका

पडेगाव, ५ जानेवारी २०२५

अतुल,

प्रिय वगैरे लिहिणार नाही. तुला फोन लावायची सोय नाही, मला ब्लॉक करून ठेवलंयस. पत्ता मावशीच्या करुणाकडून मागून घेतला आणि छत्तीस वर्षांची बाई सख्ख्या भावाला पोस्टानं पत्र पाठवतेय. काल पाकीट आणायला गेले तर पोस्टातला माणूस म्हणाला, कोर्टाचं आहे का काही? म्हटलं, तसंच समजा.

कामाचं बोलते. सोबत तुझी मोटरसायकल माझ्या नावावर करायचे फॉर्म आहेत, एकोणतीस आणि तीस नंबरचे. सही कर आणि परत पाठव. गाडी मी घेतेय. किंमत तू म्हणशील ती, घासाघीस करणार नाही. ऑनलाइन करायला गेले तर ओटीपी तुझ्या मोबाइलवर जातो, म्हणून हा खटाटोप.

तुझा निरोप पोचला. ‘महिनाअखेरीला एजंट येईल, गाडी घेऊन जाईल, अण्णांना सांगून ठेव.’ हे तू करुणाला सांगितलंस. बापाला नाही! चाकणहून संभाजीनगर किती लांब आहे रे? पाच तास. तीन वर्षांत तुला पाच तास सापडले नाहीत.

अण्णा काय करतात ते तरी माहीत आहे का तुला? सकाळी चहा झाला की अंगणात जातात, गाडीवरचं कव्हर काढतात, फडक्यानं आरशापासून सामानाच्या जाळ्यांपर्यंत सगळी पुसतात. मग बटण दाबतात. दोन मिनिटं टाकीवर हात ठेवून उभे राहतात. बंद करतात, कव्हर घालतात, आत येतात. तीन वर्षं, रोज. मी म्हणते, अण्णा, एक चक्कर तरी मारून या. तर म्हणतात, ‘नाय गं. अमानत हाय त्याची. मीटर वाढू देऊ नका म्हनलाय त्यो.’

तू जायच्या आदल्या वर्षी आई गेली, तेव्हापासून हा माणूस दुसऱ्या कशासाठी उठत नाही. दाढी करत नाही, पारावर जात नाही. फक्त तुझ्या गाडीसाठी उठतो. एजंटानं ती नेली की त्याच्या दुसऱ्या दिवशी अण्णा कशासाठी उठतील, ते तू मला सांग. नसेल सांगता येत तर मुकाट्यानं सही कर.

मेघा


पडेगाव, १९ जानेवारी

अतुल,

पत्र तुला मिळाल्याचं मोबाइलवर पोस्टाच्या ट्रॅकिंगमध्ये दिसतंय. म्हणजे वाचलंस आणि गप्प बसलास. शाब्बास.

तुझ्या एजंटाचा मला फोन आला होता. म्हणाला, ‘ताई, मालक सांगत होते, गाडी त्यांनी स्वतः पारखून घेतलेली आहे.’ स्वतः? हसावं का रडावं ते कळेना मला.

जुनी गाडी घ्यायला हिंडत होतास तेव्हाची चितेगावची पहिली गाडी आठव. लाल, चकचकीत, पाय पुढं टाकून राजासारखं बसायची. तू तर मनातल्या मनात गोव्याला पोचला होतास. अण्णांनी काय केलं? इंजिनवर पालथा हात ठेवला. ‘गरम हाय. चला घरी.’ तू रस्ताभर भांडलास. गरम असली तर काय बिघडलं? अण्णा म्हणाले, ‘गिऱ्हाईक यायच्या आदी तापवून ठिवली त्यानं. थंड असताना चालू व्हत नसनार.’ दुसरी चिकलठाण्याची. तिचं पुढचं चाक तुला उचलून धरायला लावलं आणि हँडल या टोकापासून त्या टोकाला फिरवलं. मधोमध किंचित अडकलं. तुला कळलंसुद्धा नाही. ‘आपटलेली हाय. चला घरी.’

तिसरी ही, छावणीतल्या फौजीची. धुळीनं माखलेली, सीट उसवलेली, लडाखपर्यंत जाऊन आलेली. तू तोंड वाकडं केलंस. अण्णांनी टायरवर छापलेली तारीख वाचली, चेन बोटानं ओढून बघितली, इंजिनला हात लावला, थंडगार. बटण दाबलं, पहिल्या दणक्यात चालू. मग फौजीला एवढंच विचारलं, ‘इकताय कामून?’ त्यानं बदलीचं सांगितलं आणि सांगता सांगता तोंड दुसरीकडं फिरवलं. अण्णा म्हणाले, ‘हीच घे.’ हे तुझं स्वतः पारखणं!

आता खरी गोष्ट ऐक. मी विकत घेणार तर नीट तपासून घ्यावी म्हणून, अण्णा शेजाऱ्यांबरोबर डोळे दाखवायला गेले तेव्हा, कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या मुजीबभाईंना घरी बोलावलं. त्यांनी खालचा नट ढिला करून ऑइल काढलं. काळं नव्हतं रे ते. चहात दूध टाकावं तसलं. मुजीबभाई बघतच राहिले. ‘बेटी, इसमें पानी कां से आया? गाडी चलाते नै क्या?’ मी म्हटलं, चालवत नाही, पण रोज दोन मिनिटं चालू करतात. त्यांनी कपाळाला हात लावला. ‘खडे-खडे मार डाले गाडी को! दो मिनट में इंजन तपता कां है? अंदर का पानी अंदरच रै जाता. इससे तो बंद पडी रैती तो अच्छा था.’ सायलेन्सरला खालून स्क्रूड्रायव्हर लावला तर आरपार गेला. आतून कुजलाय. बॅटरी जेमतेम तग धरून आहे.

कळलं का काय झालं? अण्णांनी चौतीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये काढली. सकाळी बस चालू करायची आणि ब्रेकची हवा भरेस्तोवर जागेवर उभी ठेवायची. त्यांच्या हाताला तीच सवय. तू म्हणालास ‘चालू ठेवा’, त्यांनी डेपोतल्या बससारखी चालू ठेवली. आणि मीटर वाढू देऊ नका, विकताना भाव पडतो, हे तुझं शहाणपण! एकदा खुलताबादपर्यंत जाऊन आले असते तर गाडीही धड राहिली असती आणि माणूसही.

अण्णांना यातलं काही माहीत नाही, आणि मी सांगणारही नाही. त्यांच्या जिवाला फार लागेल. तू फॉर्म पाठव, मी गुपचूप दुरुस्त करून घेते.

मेघा


पडेगाव, २३ जानेवारी

अतुल,

सांगितलं मी.

आज सकाळी बॅटरीनं मान टाकली. अण्णा बटण दाबतायत, नुसतं टकटक. पुन्हा दाबतायत. कंपनीची बस चुकायची वेळ झाली होती आणि ते दारातून ओरडले, ‘मेघे, काल कुनी हात लावला का गं गाडीला? माज्या हातून तर कवाच असं केलं नाय हिनं.’ आणि माझ्या तोंडून गेलं, ‘तुमच्या हातूनच झालंय अण्णा. तुमच्या त्या दोन मिनिटांनीच मेली ती.’

सगळं सांगून टाकलं. पाणी, ऑइल, सायलेन्सर. उभ्या उभ्या.

त्यांनी ऐकून घेतलं. कव्हर घातलं, चारी कोपरे नीट ओढले आणि आत जाऊन भिंतीकडं तोंड करून झोपले. संध्याकाळी मी कामावरून आले तर ताट झाकलेलं तसंच.

राग तुझा होता, निघाला त्यांच्यावर. माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं. पण तुला सांगते, हे पाप निम्मं तुझं आहे.

मेघा


पडेगाव, १६ फेब्रुवारी

अतुल,

अजून फॉर्म नाहीत. तरी लिहितेय, कारण आता मला लिहायची सवय लागली आणि तुला उत्तर द्यायची नाही.

चार दिवस अण्णा खाटेवरून उठले नाहीत. पाचव्या दिवशी मुजीबभाई आले. खाटेजवळ उकिडवे बसले आणि म्हणाले, ‘कडुबाभाई, मेरे से नै होता ये. तुम आव. तुम इंजन खोले सो जमाने में मैं चड्डी में था.’ धादांत खोटं! पन्नाशीचा उस्ताद माणूस, डोळे मिटून इंजिन उतरवेल. पण अण्णा उठून बसले. ‘पाना कोन्ता लावलास?’ म्हणाले. मुजीबभाईंनी मुद्दाम चुकीचा सांगितला. अण्णा म्हणाले, ‘येडा का काय? थांब, आलो.’

गाडी ढकलत गॅरेजवर नेली. तेव्हापासून अण्णा रोज डबा घेऊन जातात तिकडं. टाकीत नट-बोल्ट आणि रॉकेल टाकून दोघांनी ती गदागदा हलवली, एवढा गंज निघाला आतून. ऑइल तीनदा भरून तीनदा काढलं, तेव्हा कुठं स्वच्छ यायला लागलं. सायलेन्सर खालून कापून नवा पत्रा जोडला. टायर वरून नवे दिसत होते, पण एकाच जागी उभं राहून चपटे झालेले, ते बदलले. एका सुट्टीच्या दुपारी ते डबा विसरले, तो द्यायला मी गेले तर अण्णा हातात पिस्टन धरून बसलेले. मला म्हणाले, ‘पेट्रोलचं इंजन निराळं असतंय. मला कळाया पायजे व्हतं.’ मुजीबभाई म्हणाले, ‘सब को सब कां मालूम रैता, भाई.’ मी माफी मागायला तोंड उघडलं होतं, पण डब्यात काय आहे तेच सांगितलं.

तुझा एजंट आला होता, बरं का, एकतीस तारखेला. शोधत शोधत गॅरेजवर. इंजिन बाकड्यावर पसरलेलं, टाकी उलटी टांगलेली, चाकं भिंतीला. म्हणाला, ‘क्रूझर बाइक ती हीच का?’ अण्णा म्हणाले, ‘व्हय की. घिऊन जा. पोतं आनलंय का?’ मुजीबभाई हसता हसता खाली बसले. एजंट गेला तो पुन्हा फिरकला नाही. आई गेल्यापासून अण्णांनी केलेली ही पहिली मस्करी, आणि तू ती ऐकायला नव्हतास.

गेल्या रविवारी गाडी चालवली. विमा संपलेला, कागद तुझ्या नावावर, सगळं माहीत असून चालवली. तक्रार करायची तर कर. अण्णा आधी बसायला तयार नव्हते. ‘मीटर वाढंल गं.’ मी म्हटलं, वाढू द्या! मागं बसले, जाळीला धरून. दौलताबादवरून घाट चढून खुलताबाद, भद्र्या मारुतीला न थांबता माघारी. घाटात कानाशी ओरडत होते, ‘खालचा टाक, खालचा! रडायली ती!’ एका वळणावर त्यांचा हात माझ्या खांद्यावर आला तो घरापर्यंत तिथंच होता. अंगणात उतरल्यावर इंजिनजवळ तळवा नेला आणि म्हणाले, ‘आता तापली.’ तुझं मीटर एक्केचाळीस किलोमीटरनं वाढलंय. लिहून घे.

आता तू घर सोडलंस त्या दिवसाचं बोलते, कारण मीही काही धुतल्या तांदळासारखी नाही.

टाकीवर डाव्या बाजूला अण्णांनी निळं ‘जय भीम’ लावलं होतं. तू पुण्याकडं गाडी न्यायची म्हणून आदल्या दिवशी ब्लेड घेऊन खरवडत बसलास. अण्णा चहाचा कप घेऊन दारात उभे होते. तू म्हणालास, ‘तिकडं पार्किंगमध्ये उगाच नजरेत येतं.’ ते आत गेले, पॉलिशची डबी आणली आणि तू पाडलेले ओरखडे स्वतःच्या हातानं घासायला लागले. तुझी गाडी खराब दिसू नये म्हणून! ते मला बघवलं नाही. मी म्हटलं, ‘आजपासून तू आम्हाला मेलास.’ म्हटलं, नाकारत नाही. तू गाडी टाकून बसनं गेलास, आणि आठवड्यानं अण्णांना फोन करून सांगितलंस, चालू ठेवा, मीटर वाढू देऊ नका.

तू तेव्हा म्हणाला होतास, ‘ताई, आपल्या नावाला तिकडं कुणी घर देत नाही.’ मला का ठाऊक नाही? माझ्या कंपनीत प्रत्येक नवा साहेब विचारतो, ‘हिवराळे म्हणजे कुठले तुम्ही? नाही, म्हणजे मूळचे?’ मी सांगते, पडेगावचे, मूळचे आणि आत्ताचे, दोन्ही. मग त्याचं तोंड बघत उभी राहते. मला त्या लोकांचा राग येतोच रे. पण त्यांचा राग घेऊन कामाला जाता येतं. तुझा राग घेऊन मला झोपही लागत नाही.

सही कर बाबा. पाया पडते असं समज हवं तर.

मेघा


पडेगाव, ४ मार्च

अतुल,

फॉर्म मिळाले. आत दोन ओळींची चिठ्ठीसुद्धा नाही. पाकीट उलटं करून झटकलं मी.

पाकीट अण्णांनीच घेतलं पोस्टमनकडून. मी कामावर होते. उघडलं नाही, टेबलावर ठेवून बसले होते समोर. मी फॉर्म काढले, सही आहे ना एवढं बघितलं आणि लगेच पिशवीत टाकले. ते म्हणाले, ‘काय लिव्हलंय?’ मी म्हटलं, ‘खुशाल आहे, कामाची गडबड आहे, तुम्हाला नमस्कार सांगितलाय.’

तुझ्यासाठी खोटं बोलले. पुढच्या आठवड्यात विमा भरून आरटीओत जाऊन येतो दोघं.

मेघा


पडेगाव, १२ मार्च

अतुल,

आज गेलो होतो. अण्णांनी पांढरा सदरा घातला, दाढी केली. गाडी घरची होणार म्हणून चाललेला माणूस. खिडकीवर एक मॅडम होत्या, चांगल्या होत्या, म्हाताऱ्याला बघून त्यांनी खुर्ची मागवली. कागद चाळले, संगणकावर काहीतरी उघडलं, पुन्हा कागद बघितला. म्हणाल्या, ‘सही जुळत नाही.’

मी म्हटलं, असं कसं, भावाचीच आहे. त्यांनी पडदा आमच्याकडं फिरवला. फौजीकडून गाडी घेतली तेव्हाची तुझी सही. मराठीत, पूर्ण, अतुल कडुबा हिवराळे, खाली रेघ. आणि या फॉर्मवर इंग्रजीत, झोकदार, अतुल कुमार. मॅडम म्हणाल्या, ‘काका, ही दोन वेगळी माणसं वाटतात हो.’

अण्णांनी चष्मा चढवला. वाकून आधी पडदा बघितला, मग कागद. लई वेळ बघितला. मागं रांग चुळबुळ करायला लागली. मग म्हणाले, ‘हात दुखावला असंल त्याचा, म्याडम. मशिनीवर काम हाय.’

चौतीस वर्षं नोकरीत ज्या माणसानं एक खोटी हजेरी लावली नाही, तो तुझ्यासाठी भर रांगेत खोटं बोलला. मॅडमनी मान हलवली, नवे फॉर्म दिले. पूर्वीसारखीच सही आणा म्हणाल्या, नाहीतर त्यांना स्वतः घेऊन या.

बाहेर आलो. गाडीजवळ थांबून अण्णांनी मला विचारलं, ‘मेघे, कुमार कोन हाय गं?’

मला माहीत होतं. करुणा तुझ्या घरी येऊन गेली तेव्हाच तिनं सांगितलं होतं, दारावर पाटी तीच आहे. तुला पहिलं पत्र लिहिलं तेव्हाही माहीत होतं. अण्णांपासून दडवून ठेवलं होतं, आणि माझ्यापासूनही थोडंफार. सही घाईघाईनं पिशवीत टाकली ती त्याचसाठी. आता दडवायला काही राहिलं नाही. सांगितलं. सोसायटीत तो हेच नाव लावतो, म्हटलं.

मला वाटलं होतं, आता तरी चिडतील. चिडावेत म्हणून मी वाट बघत होते, खरं सांगते. त्यांनी विचारलं, ‘घर बरं हाय का त्याचं? हवा येती का?’

मी तिथं रस्त्यात ओरडले त्यांच्यावर. हवा कसली विचारताय अण्णा! तुमचं नाव पुसलंय त्यानं! येणारे-जाणारे बघायला लागले. ते हेल्मेट हातात धरून ऐकत होते. माझं ओरडून झाल्यावर म्हणाले, ‘त्यानं पुसलं व्हय. पर पुसायला लावनारे कोन हायती, ते बी बघ जरा.’ आणि मागं बसले.

बरोबर आहे त्यांचं. तरी मी तुला माफ करत नाही. ते करतील, बाप आहेत. मी नाही.

नवे फॉर्म सोबत आहेत. सगळ्यात वर छापलेलं आहे, ‘मी, अमुक, मुलगा अमुक यांचा’. मागच्या वेळी त्या दोन्ही जागा कोऱ्या सोडल्या होत्यास, एजंट लोक भरतात तसं कुणीतरी भरेल म्हणून. घरी आल्यावर अण्णा म्हणाले, ‘आन इकडं, म्याच भरतो. त्याला कशाला तरास.’ पेन उघडून बसलेही. मी त्यांच्या हातातून पेन काढून घेतलं. जन्मात पहिल्यांदा बापाच्या हातातून काही हिसकावलं.

पाटीवर काय लावायचं ते लाव. सोसायटीत काय सांगायचं ते सांग. पण तू कुणाचा मुलगा, ते या कागदावर दुसरं कुणीही लिहिणार नाही. तुलाच लिहायचंय.

मेघा कडुबा हिवराळे